जिन्याखालचे बिघडले कधी?

भिंगकाकांचं एक मत पक्कं होतं आणि ते न विचारता मिळायचं. 'जिन्याखालचे' हा बँड पहिल्या कॅसेटपुरता खरा. दुसऱ्या रेकॉर्डपासून त्यांचा सूर खाली आला, ताल रेंगाळला, आणि आता जे उरलंय ते नुसतं नावाला. चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला काका हे ऐकवायचे. गिऱ्हाईक बिचारं पळूनही जाऊ शकत नसे, कारण त्याचा जुना चष्मा काकांच्या हातात असायचा.

दुकान जेमतेम दोन खोल्यांचं. पुढे काउंटर, आरसा आणि अक्षरांचा तक्ता. मागे पडद्याआड काचा घासायचं यंत्र, बारीक स्क्रूंच्या डब्या आणि फळीवर एक कॅसेट प्लेअर. त्यावर तीस वर्षं तीच एक कॅसेट दिवसातून दोनदा तरी वाजायची. झिजेल म्हणून काकांनी सुरुवातीलाच पाच घेऊन ठेवल्या होत्या. सध्या चौथी चालू होती.

गंमत म्हणजे रोज कुणी ना कुणी येऊन तक्रार करायचं, "हल्ली पेपरवाले अक्षरं फार बारीक छापतात हो." काका मिशीत हसून म्हणायचे, "ताई, अक्षरं होती तेवढीच आहेत. डोळे बदलले तुमचे." हाच न्याय बायकोने एकदा त्यांना लावला. "अहो, बँड आहे तसाच आहे. कान म्हातारे झालेत तुमचे." काकांना ते इतकं झोंबलं, की ते तडक कानाच्या डॉक्टरकडे गेले, तपासणी करून घेतली आणि 'श्रवणशक्ती उत्तम' असा कागद आणून फ्रिजवर चिकटवला. कान ठणठणीत, म्हणजे बँडच बिघडला. काकांच्या लेखी विषय संपला.

एखाद्याचं वेड म्हणून हे सोडूनही देता आलं असतं. पण जिन्याखालच्यांचा ड्रमवाला हा काकांचा सख्खा धाकटा भाऊ होता. बँडचं नावसुद्धा त्यांच्याच घरावरून पडलेलं. चार पोरं जिन्याखालच्या सायकली बाहेर काढून तिथे तालीम करायची, आणि पायरीवर बसून ऐकणारा पहिला श्रोता म्हणजे दादा. नऊ वर्षांपूर्वी तिसरी रेकॉर्ड निघाली तेव्हा सगळा बँड काकांकडे जेवायला आला होता. हात धुता धुता धाकट्याने विचारलं, "दादा, कशी वाटली?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "तुझे हात जड झालेत रे," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "पहिल्या कॅसेटमध्ये काय पळायचास! आता ओढत नेतोस सगळ्यांना."

धाकटा जेवला, वहिनीला भांडी आवरायला मदत केली आणि गेला. त्यानंतर तो त्या घरी आला नाही. आई आजारी होती तेव्हा दोघे भाऊ दवाखान्यात एकाच बाकावर बसायचे, पण बोलणं औषधांपुरतं. आपण खरं तेच बोललो, यात आपलं काय चुकलं, असं काकांना वाटायचं. पण भावाची आठवण आली की ते कॅसेट लावायचे.

एका गुरुवारी सकाळी बँडची गायिका दुकानात आली. सगळा बँड काकांना दादाच म्हणायचा. "दादा, गाण्याचा कागद दिसत नाही हो. परवा दुसरं कडवं मनानेच रचून गायले."

"पन्नाशी आली तुझी. जवळचा नंबर लागणारच."

"हळू बोला, बाहेर रस्ता आहे."

काकांनी तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच घालून बघू लागले. दोन-तीन काचा झाल्यावर ती म्हणाली, "दादा, तुमच्या कानावर आलंय का? शनिवारचा कार्यक्रम त्याचा शेवटचा."

"कुणाचा?"

"तुमच्या भावाचा. बँड सोडतोय. शेवटच्या गाण्यानंतर मी जाहीर करायचं, असं ठरलंय. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. म्हणतो, दादा म्हणाला ते खरंच होतं, माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

काकांच्या हातून काच पडली नाही, कारण इतक्या वर्षांच्या सवयीने बोटांनी ती धरून ठेवली. पण ती उजव्या डोळ्याची की डाव्या, हे ते विसरले. तरी स्वभाव जातो कुठे? "मला वाईट वाटतंय," ते म्हणाले, "पण मी खोटं नव्हतो बोललो. तूच ऐक." आणि पडदा सारून त्यांनी कॅसेट सुरू केली.

गायिका डोळ्यांवर ती अगडबंब फ्रेम घेऊन ऐकत राहिली. मग तिला हसू फुटलं. "हे कोण गातंय?"

"कोण म्हणजे? तू!"

"मी? अहो, ही कुठली तरी चिमणी आहे! माझा आवाज तेव्हाही जाडाच होता. शाळेच्या गाण्यात मला मुलांच्या रांगेत उभं करायचे." तिने पर्समधून फोन काढला आणि तेच गाणं लावलं. फोनमधला आवाज जाड, खालच्या सुरातला होता, आणि गाणं निवांत चालीने चाललं होतं.

"हे तुम्ही मागाहून परत गायलं असणार," काका म्हणाले.

"तेच आहे दादा. मधे गिटारवाला खोकतो बघा. पुसून टाकायला तेव्हा पैसे नव्हते आमच्याकडे."

खोकला आला. मग काकांनी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली, आणि त्यातही खोकला आला, फक्त अंमळ लवकर. काकांनी कॅसेटचं कव्हर उघडलं. त्यावर गाण्याची लांबी छापलेली होती: चार मिनिटं दहा सेकंद. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण गाणं वाजू दिलं. ते तीन मिनिटं पन्नास सेकंदांत संपलं.

मग त्यांना आठवलं. कॅसेट निघाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत प्लेअर रडायला लागला होता. आतला रबरी पट्टा सैल झाला होता, पण काकांना ते कुठून माहीत असणार? हातात सदैव बारीक स्क्रू ड्रायव्हर असलेला माणूस तो. मोटरच्या पाठीवर एक इवलासा स्क्रू दिसला, तो त्यांनी फिरवला, मोटरचा वेग वाढला आणि गाणं सरळ झालं. स्वतःवर खूश होऊन त्यांनी ही गोष्ट महिनाभर सगळ्यांना सांगितली होती. पुढे प्लेअर बंदच पडला, तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने नवा पट्टा घातला. स्क्रू होता तिथेच राहिला. तेव्हापासून ती कॅसेट पळत होती. कार्यक्रमात पोरं उत्साहाने घाईतच वाजवायची, त्यामुळे संशय आला नाही. आणि दुसऱ्या रेकॉर्डपासून सीडी आली, तिला वेगळं यंत्र. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते वाकडं करून ठेवणारा नाचणाऱ्याला नावं ठेवत बसला होता.

गायिकेला उद्या चष्मा न्यायला ये म्हणून काकांनी वाटेला लावलं आणि भरदुपारी शटर ओढलं. प्लेअर उघडला. स्क्रू किंचित मागे फिरवायचा, गाणं लावायचं, घड्याळ बघायचं, असं करत करत तासाभराने गाणं बरोबर चार दहावर आणलं. मग खुर्ची ओढून ते ऐकायला बसले.

आणि त्यांना ते आवडलं नाही. ना ती चिमणी राहिली, ना ती धावपळ. नवशिकी चार पोरं जपून जपून वाजवत होती. तीस वर्षं ज्या बँडवर आपण जीव टाकला तो बँड कधी नव्हताच, हे कळल्यावर काकांना एखादं माणूस गेल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी तिसरी रेकॉर्ड काढली. खरं सांगायचं तर नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ती अर्धीच ऐकली होती, आणि तीही नाक मुरडत. आता सगळी ऐकली. दोन गाणी रटाळ होती, त्याला इलाज नाही. पण पाचव्या गाण्याला त्यांचा हात सीडीच्या यंत्रावर थबकला. गायिका ओळीच्या मधे श्वास घेत होती आणि ड्रम तिच्यासाठी थांबत होता. थांबून पुन्हा अलगद तिला उचलून घेत होता. ज्याला काका ओढणं म्हणाले होते, ते हे होतं. जिन्याखालच्या त्या पोराला कुणासाठी थांबता यायचं नाही. आणि पायरीवर बसलेल्या दादालाही तेव्हा हे थांबणं ऐकू आलं नसतं; त्यालाही पळणंच आवडायचं. काकांनी ते गाणं तीनदा ऐकलं.

दुकान बंद का म्हणून बायको बघायला आली, तेव्हा काकांनी तिला सगळं सांगितलं. ती पदराआड हसली नाही, हे तिचे उपकार. एवढंच म्हणाली, "आता भावजींकडे जा."

"काय सांगू जाऊन?"

"मला सांगितलंत तेच."

"हसेल तो मला."

"हसू दे की. नऊ वर्षांत तुमच्यासमोर एकदा तरी हसेल."

शुक्रवारी सकाळी काका बँडच्या तालमीच्या खोलीवर गेले. गॅरेजच्या वरची खोली, खालून ग्रीसचा वास, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. धाकटा एकटाच होता. उद्यासाठी ड्रमचं कातडं ताणून बसवत होता. दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या, आणि डोक्यावरचे केस काकांच्या आठवणीपेक्षा बरेच कमी. काकांनी रस्ताभर एक मोठं भाषण जुळवत आणलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "स्क्रू."

"काय?"

"माझ्या टेपचा स्क्रू. मीच फिरवला होता रे." आणि मग उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं. पट्टा, घड्याळ, खोकला, चिमणी, काहीही लपवलं नाही.

धाकटा हसला नाही. स्टुलावर बसला. "म्हणजे मी ज्या वेगात कधी वाजवलंच नाही, त्याच्याशी तू मला ताडून बघत होतास?"

"हो."

"मी मोजलं होतं दादा. जेवायला आलो होतो ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पहिली कॅसेट लावली, घड्याळ लावलं, मग स्वतः वाजवलं. वेग तोच होता. तीनदा मोजलं मी."

"मग? मला येऊन सांगायचंस! शिव्या घालायच्यास!"

"मग मला वाटलं, वेग तेवढाच आहे पण जीव गेलाय. तो घड्याळात कसा दिसणार? आणि दादा चुकेल कसा? पहिल्यापासून पायरीवर तूच तर बसलेला होतास."

काकांना वाटलं होतं, तो रागाने तुटला. तो तर विश्वास ठेवून तुटला होता. घड्याळाने एक सांगितलं, भावाने दुसरं, आणि त्याने भावाचं ऐकलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "माझं चुकलं रे," ते म्हणाले. धाकट्याला हे शब्द त्यांनी उभ्या जन्मात म्हटले नव्हते.

धाकटा मान खाली घालून ड्रमची एक चावी उगाचच पिळत राहिला. मग विचारलं, "तिसरी ऐकलीस परत?"

"काल. सगळी."

"आणि?"

आता गोड बोलावं की खरं? काकांनी घाम पुसला. एकदा खोटं बोलून चाललं असतं, पण मग पुढचं काहीच त्याने खरं मानलं नसतं. "दोन गाणी रटाळ आहेत."

धाकट्याने मान वर केली. "कुठली?"

"दुसरं आणि सातवं."

"सातवं गिटारवाल्याचं आहे! मी तेव्हाच बोंबलत होतो, घेऊ नका म्हणून." आणि तो हसला. काकाही हसले, नाक पुसत. हसणं ओसरल्यावर काका म्हणाले, "पाचव्यात ती श्वास घेते तिथे तू थांबतोस. आधी मला ते कळलंच नव्हतं. काल तीनदा ऐकलं. फार सुंदर वाजवलंयस."

धाकट्याने हातातली चावी बाजूला ठेवली. खाली कुणीतरी गाडी सुरू करून बघत होतं.

"त्या एका जागेसाठी मी महिनाभर बसलो होतो," तो म्हणाला. "कुणालाही कळलं नाही तरी तुला कळेल, असं वाटलं होतं. म्हणून तर विचारलं होतं तेव्हा, कशी वाटली म्हणून."

काका जमिनीवर पडलेल्या एका गादीवर टेकले. मग त्यांनी विचारलं, "उद्या येऊ? पुढच्या रांगेत बसतो."

"पुढे नको. पुढे बसलास की मी तुझ्या तोंडाकडे बघत वाजवतो. पहिल्यापासूनची खोड आहे. मागे बस."

"बसतो. अगदी भिंतीला टेकून बसतो. आणि ते... ते जे जाहीर करणार आहात..."

धाकट्याने पट्टी बांधलेल्या हाताने खिशातून फोन काढला आणि गायिकेला लावला.

"अगं, उद्या शेवटी ते जाहीर करायचं होतं ना, ते राहू दे. नाही, नाही, तब्येत बरी आहे. काही झालं नाही गं." तो काकांकडे बघत होता. "दादा आलाय."