कुट्याच्या ढिगाचा व्हिडिओ

मित्रांनो, मी किनाऱ्यावरच्या वरोर गावातल्या वर्षाचा जुना मोबाईल आहे. काचेला तडा गेलाय, पण डोळा शाबूत आहे. त्या डोळ्याने मी एकदा जे टिपलं, त्याची मला अजून शिसारी येते.

वर्षाच्या भावाने नवा मोबाईल घेतला आणि मी तिच्याकडे आलो. ती तेव्हा वेगळ्या धाटणीचे व्हिडिओ करायला शिकत होती. तिची संगीतामावशी दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर वाळत टांगायची. वर्षाने मला बांबूला बांधलं, दोन-तीन दिवस थोडं थोडं चित्रण केलं आणि ते उलटं चालवलं. सुकलेले बोंबील हळूहळू ओले, लखलखीत झाले! काय सुरेख काम होतं! बघितलं किती जणांनी? अकरा.

"लोकांना छी म्हणायला आवडतं गं," तिची मैत्रीण रिया म्हणाली. "काहीतरी घाणेरडं टाक."

वलांडीमागे कुट्याचा ढीग होता. कुटा म्हणजे वाडीला खत म्हणून जाणारी सडकी मासळी. वर्षाने मला त्यात जवळजवळ खुपसलंच. अळ्या, घोंघावणाऱ्या माश्या... शी! आणि त्याला लागून तिने जोडले बोंबील टांगणारे मावशीचे हात. कुटा खताचा, बोंबील खायचे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून ते सांगावं असं तिच्या डोक्यातच आलं नाही.

व्हिडिओ लाखोंनी पाहिला. खोटं कशाला बोलू, मीही फुगलो होतो.

मग मावशी कासा गावच्या आठवडी बाजारातून भरली पाटी तशीच घेऊन परत आली. "गिऱ्हाईक माझे हात बघतंय गो," ती म्हणाली. "हिरव्या बांगड्या ओळखल्या. अळ्यांचे बोंबील नको म्हणतात."

वर्षाने रडत व्हिडिओ पुसला. पण लोकांनी उतरवून घेतलेला कसा पुसणार? पुढचे दोन बाजारही तसेच गेले. दमट हवेत बोंबलांना बुरशी धरली. एका सकाळी मावशीने ते सगळे, जबड्यात जबडा तसाच, उचलून कुट्याच्या ढिगावर टाकले.

"काढ आता व्हिडिओ," ती वर्षाला म्हणाली. "आता खोटा नाय."

वर्षाने मला हातही लावला नाही.

मित्रांनो, माझी काच तुम्ही जपता, तेवढंच माझ्यासमोर आलेल्या माणसालाही जपा. टिपलेलं आधी त्याला दाखवा. मावशीचा नवरा दर्यावर धडधाकट आहे, तरी बाजाराला निघताना ती हातातल्या बांगड्या उतरवून ठेवते.