बोगद्यात चार ते पाच

बोगद्याच्या ऐन मध्यावर क्लचची तार तुटली. उरलेल्या वेगावर धाकटीने गाडी कडेला घेतली खरी, पण ती तिरकी होऊन भिंतीला अशी चिकटली की डावीकडचे दरवाजे उघडेनात. उजवीकडचा उघडावा, तर ट्रक आरशाला चाटून जात होते. पुढे पिवळे दिवे, मागे पिवळे दिवे, आभाळ म्हणून कुठेच नाही.

"चारला आत सोडतात," शेजारी बसलेले बाबा म्हणाले. "पाचला दार बंद."

"माहितीये, बाबा."

आई आयसीयूत होती. परवा ती शुद्धीत नव्हती. काल बाबांना कणकण होती म्हणून दारातूनच परत पाठवलं. आज सकाळी तिने डोळे उघडले आणि सिस्टरकडे चष्मा मागितला. तेव्हापासून चष्म्याची डबी बाबांच्या मांडीवर होती, तान्हं मूल धरावं तशी.

सव्वाचारला टोचनवाला आला. गाडीपुढे ट्रक लावून, मागे लाल शंकू मांडून तो खिडकीशी वाकला.

"ताई, गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा आणि चाकं सरळ करा. ओढून वर घेतो."

धाकटीने स्टिअरिंग फिरवलं. ते ढिम्म. हात चावीकडे गेला, तर तिथे चावीच नव्हती.

"बाबा, चावी?"

"काढली की. गाडी थांबली की चावी काढायची."

"बरं, द्या आता."

बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही चाचपले. "दिली मी."

"कुणाला?"

बाबा परत शर्टाचा खिसा चाचपू लागले.

"चावीशिवाय स्टिअरिंगचं लॉक सुटणार नाही, आणि चाकं भिंतीकडे वळलीत," टोचनवाला म्हणाला. "अशीच ओढली तर भिंत खरवडत जाईल. काका, बंद गाडीची चावी कशाला काढलीत? चोर आला असता तरी ढकलतच नेली असती."

सीटखाली पाहिलं, पायपुसण्याखाली पाहिलं. धुराने घसा खवखवायला लागला. मागे हॉर्नची रांग वाढत चालली. साडेचार.

"एक दिवस," धाकटी म्हणाली आणि तिचा आवाज फाटला, "एक दिवस ती चावी जागेवर राहू दिली असती तर?"

बाबांनी मान खाली घातली. त्यांचा अंगठा डबीवरून फिरत होता, फिरतच होता. धाकटी त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

आयुष्यभर बाबांनी गाडी थांबवली, की न बघता डावीकडे हात करायचा. आईने चावी घ्यायची, चष्म्याच्या डबीत टाकायची, टक् करून डबी मिटायची आणि म्हणायचं, "पोचलो बाई एकदाचे." आज बाबा आईच्या जागी बसले होते. आईचं कामही त्यांनीच केलं होतं.

"बाबा, डबी उघडा."

चष्म्याच्या काड्यांमध्ये चावी निजली होती.

चाकं सरळ झाली, गाडी वर चढली आणि तिघं ट्रकच्या केबिनमध्ये दाटीवाटीने बसले. धाकटी मधोमध, गुडघे गिअरला टेकलेले. पुढची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बाबा घड्याळाकडे बघत नव्हते, म्हणून तीही बघेना.

"दवाखाना वाटेवरच आहे," टोचनवाला म्हणाला. "मला मध्ये थांबायची परवानगी नाही. पण सिग्नल लाल असला आणि काका उतरले, तर मी काय करणार?"

सिग्नल लाल होता. पाचला सात कमी होते. बाबा दांडा धरून एकेक पाऊल खाली उतरले आणि डबी छातीशी धरून चालू लागले. दिवा हिरवा झाला. गॅरेजमधल्या सहीसाठी धाकटीला गाडीबरोबर जाणं भाग होतं.

गॅरेजच्या फाटकात ट्रक अर्धा आत, अर्धा बाहेर उभा राहिला.

"ताई, चावी द्या. गाडी उतरवून वळवून लावायला लागेल."

धाकटीने पर्समध्ये हात घातला आणि तसाच ठेवला. बोगद्यात तिच्यामागून उजव्या दाराने उतरताना बाबा स्टिअरिंगपाशी क्षणभर रेंगाळले होते.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा अगदी हळू बोलत होते, कुणी झोपलेलं असावं तसं.

"अगं, तुझ्या आईने डबी उघडली."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? पोचलो म्हणाली."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. "ताई, चावी," टोचनवाला पुन्हा म्हणाला.

"ती आता तासाभराने मिळेल," धाकटी म्हणाली आणि तिने केबिनच्या सीटला पाठ टेकली.