फौजदाराचं ताट

मी एक जुनं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ताट आहे. माझा काठ पोचलेला आहे आणि मधोमध दातांचे ओरखडे आहेत. फडताळातली स्टीलची भांडी मला बघून नाकं मुरडतात. मुरडू देत! मित्रांनो, यातला एकही ओरखडा मला झाकावासा वाटत नाही.

कारखान्यातून निघालं तेव्हा मी चकचकीत होतं. मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विकत घेतलं. सगळे त्यांना आत्याच म्हणतात, अगदी गिऱ्हाइकंसुद्धा. घरात आता आत्याचा थोरला भाऊ, वहिनी आणि छोटी भाची. बरीच वर्षं मी पंगतीत मिरवलं, मग शिवणयंत्राशेजारी बटणं सांभाळत बसलं. एके दिवशी आत्यानं पायरीवर कुडकुडणारं एक पिल्लू आत आणलं, बटणं डब्यात ओतली आणि मला त्याच्यापुढे ठेवलं. ते पिल्लू येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं रोखून बघे, की त्याचं नाव फौजदारच पडलं.

फौजदारावर सगळ्यांची माया होती. घोटाळा तिथेच झाला. भाची बिस्किटं टाकी, वहिनी उरलंसुरलं तिखट आणि तळलेलं टाकी. भाऊ पडला बसचा कंडक्टर. दिवसभर "पुढे सरका" ओरडायची सवय. "मालक कोण ते कुत्र्याला कळलं पाहिजे!" म्हणत तो रोज फौजदाराच्या तोंडापुढून मला ओढून घेई, वर धरून ठेवी आणि मग पुन्हा खाली ठेवी. प्रेमानंच हं, शिस्त म्हणून.

आधी फौजदार नुसता बघत राही. मग तो घाईघाईनं गिळू लागला, ठसकू लागला. मग गुरगुरू लागला. अंग खाजवून खाजवून त्याचे केस गळाले. एकदा भाची माझ्याजवळ पडलेला चेंडू उचलायला वाकली आणि तो तिच्यावर झेपावला. बाही टरकन फाटली. हाताला लागलं नाही, पण भावाच्या तोंडचं पाणी पळालं.

"बास! महिनाअखेर याला मित्राच्या गोदामावर राखणीला पाठवतो. राहू दे तिथे साखळीला."

"महिनाअखेरपर्यंत तरी मला वेळ दे, दादा," आत्या म्हणाली.

"अगं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच!"

"शेपूट राहू दे वाकडं. मला त्याचं पोट आणि डोकं ताळ्यावर आणायचंय."

आत्यानं एकदा दोरा ओवला की शिवण पुरी केल्याशिवाय ती उठत नाही, हे मला ठाऊक होतं. ती फौजदाराला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितलं, "पोट आणि कातडी दोन्ही बिघडलीत. दुखणाऱ्या अंगानं कोण हसतमुख राहील? आणि खाताना त्याला छेडू नका."

घरी येताच आत्या भावाला म्हणाली, "आपण माणसाला भरल्या ताटावरून उठवत नाही. याला मात्र तू रोज उठवतोस. मग तो ताट राखणार नाही तर काय करेल?"

भाऊ रुसला.

त्या दिवसापासून बिस्किटं बंद, तिखट बंद. ठरल्या वेळी माझ्यात मऊ भात, उकडलेली कोंबडी आणि भोपळा पडू लागला, तोही बेताचा. फौजदार जेवत असताना भाचीनं तिकडे फिरकायचं नाही, असा दंडक झाला. आत्या मात्र लांबूनच जाता जाता माझ्यात अंड्याचा तुकडा टाकी आणि न थांबता पुढे जाई. फौजदार गुरगुरला की आणखी लांबून टाकी. ती कधी ओरडली नाही आणि एकही दिवस चुकली नाही. मला ओढून नेणारं आता कुणी नव्हतं, तरी त्याचा विश्वास बसायला वेळ लागला. हळूहळू गुरगुर थांबली. केस परत येऊ लागले. मग आत्याची पावलं वाजली की शेपूट हलू लागलं, आणि ते वाकडंच होतं बरं का!

महिना सरला. भाऊ साखळी घेऊन आला. माझा जीव टांगणीला लागला.

"एकदा त्याच्याजवळून चालत जा," आत्या म्हणाली. "ताटाला हात लावू नकोस."

भाऊ दबकत निघाला. फौजदारानं खाणं थांबवलं. तो एक पाऊल मागे सरला, खाली बसला आणि भावाच्या हाताकडे बघू लागला.

"हा काय बघतोय?"

"तुझा हात. हात आला की काहीतरी मिळतं, असं वाटतंय त्याला."

भावाच्या हातात साखळी होती. त्यानं ती खुंटीला अडकवली. स्वयंपाकघरात त्याचं जेवण वाढून ठेवलं होतं, त्यातलं अंडं उचलून आणलं आणि माझ्यात ठेवलं. मग मला न उचलता तो मागे फिरला. डोळे पुसत पुटपुटला, "खा रे बाबा, सावकाश खा."

गोदामाचं नाव पुन्हा निघालं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचं मुकं जनावर चिडलं, तर आधी त्याच्या ताटात काय पडतंय ते बघा. आणि ते ताट त्याला सुखानं संपवू द्या. रिकामं झालं की खुशाल उचला आणि घासा. माझी काही तक्रार नाही.