भिंतीवरची अक्षरं

मी एक जुनी भिंत आहे. शाळेतल्या शेवटच्या वर्गाची मागची भिंत. भिंतींना कान असतात म्हणतात, ते खरं आहे बरं का मित्रांनो! माझं सगळं इंग्रजी ऐकून ऐकूनच झालं.

इंग्रजीच्या बाई एकेका वाक्प्रचारामागची गोष्ट सांगत आणि दर शनिवारी मुलांकडून ती वठवून घेत. निर्दोष माणसाला मरणाच्या हवाली करून एका अधिकाऱ्याने पाण्याने हात धुतले होते म्हणे. "आपण हात झटकतो, इंग्रज धुतात," बाई हसून म्हणायच्या. मग एका उन्मत्त राजाची गोष्ट आली. मंदिरातून लुटलेल्या पेल्यांतून तो दारू पीत होता. तेवढ्यात नुसताच एक हात प्रकटला आणि भिंतीवर लिहू लागला. त्याच रात्री राजा मारला गेला. तेव्हापासून, येऊ घातलेल्या अनर्थाच्या खुणेला इंग्रजीत 'भिंतीवरची अक्षरं' म्हणतात. एका मुलीने पडद्याआडून हात काढून माझ्यावर कोळशाने रेघोट्या ओढल्या. केवढा मान वाटला मला!

सोमवारी वर्ग रिकामा असताना माझ्या पोटात एक गार बोट फिरलं. आतून. मी शहारले. वरच्या कोपऱ्यात एक वाकडी, काळी ओळ उमटली.

"नाटक संपलं ना? मग हे कोणाचे उद्योग?" बाई मुलांवर कडाडल्या. मुख्याध्यापकांनी चुना फासून घेतला. ओळ परत आली, आणखी वळणं घेऊन. पुन्हा चुना. "शप्पथ बाई, आम्ही नाही!" मुलं रडकुंडीला आली, पण ऐकतंय कोण? देवाने मला कान दिले, तोंड काही दिलं नाही.

शेवटी बाईंनी त्याच मुलीला फडकं दिलं. "तूच पूस."

ती पुसू लागली आणि थबकली. "बाई... बोट आत जातंय."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "दप्तरं राहू द्या. बाहेर! आधी बाहेर व्हा!"

मला मूठ नाही, तरी मी जीव मुठीत धरून उभी राहिले. शेवटचं पोर उंबरठा ओलांडून गेलं आणि मी मागच्या बाकांवर कोसळले.

माझ्याच विटांनी मला पुन्हा उभं केलं. रंग सुरेख लागलाय, पाहुणे कौतुक करतात. बाई निवृत्त झाल्या. ती गोष्ट आता इथे कोणी सांगत नाही.

मित्रांनो, भिंतीवर काही उमटलं तर आधी नीट बघा, मग रंगाचा डबा उघडा. आणि मागच्या बाकावर जो कोणी बसतो, त्याने आज जरा पुढे येऊन बसावं. सकाळपासून ते गार बोट पुन्हा फिरतंय.