न पाहिलेला वारा

अकरा वर्षांत वहिनींचा नेम चुकला नव्हता. देवापुढे दिवा लावायचा, सकाळी सातला टेकडी चढायची, वरच्या खोलीतल्या तबकडीवर वाऱ्याचा वेग पाहायचा आणि तिथल्या वहीत लिहायचा. पगार त्याचाच होता. आज मात्र गुडघा ठणकत होता. त्यांनी खिडकीतून पाहिलं, दोरीवरचा टॉवेल हलतसुद्धा नव्हता. तेवढ्यात धाकट्या दिरानं दारातून विचारलं. टेकडीवरच्या मनोऱ्याचे दिवे तोच दुरुस्त करायचा.

"वहिनी, वरचा वारा काय म्हणतोय?"

"मंद आहे, भावजी. खुशाल जा."

घर टेकडीच्या आडोशाला आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नऊच्या सुमाराला आडोशातसुद्धा छपराचा पत्रा धडधडू लागला. गुडघ्याचं नाव न काढता त्या निघाल्या.

आडोसा संपला तिथे वाऱ्यानं त्यांना मागेच लोटलं. डोक्यावरचा रुमाल उडाला. श्वास घ्यायला मान वळवावी लागत होती. शेवटची चढण त्यांनी गवत धरून रांगत पार केली. 'देवा, चूक माझी, तिचं माप त्याच्या पदरात घालू नकोस,' एवढंच त्या पुटपुटत होत्या.

दीर मनोऱ्याच्या मध्यावर पट्ट्यानं अडकून होता. उतरायचा दोर खालच्या कडीतून सुटून चाबकासारखा फिरत होता. एकदा तो त्यांच्या मनगटावर सपकन बसला. दुसऱ्या वेळी त्यांनी तो पकडला, कडीत ओवला आणि गाठ मारली. दीर इंचाइंचानं खाली आला.

खोलीचं दार लावून तो भिंतीला टेकून बसला. तळव्यांची सालटी निघाली होती, तरी हसत होता. "हा जर तुमचा मंद वारा, तर जोराचा येईल तेव्हा आधी सांगा बाई. मृत्युपत्र करून ठेवतो."

वहिनींनी वही पुढ्यात ओढली.

"अहो, चेष्टा करतोय. नंतर वाढला असेल. वाऱ्याचा काय भरवसा?"

सुटका आयती हातात आली होती. नुसतं 'हो' म्हणायचं.

"नाही, भावजी. सकाळी मी वर आलेच नाही. दोरीवरचा टॉवेल बघून सांगितलं."

त्याचं हसू मावळलं. "टॉवेल बघून?"

"हो."

"आणि मी आईला सांगून आलो, वहिनींनी पाहिलंय, काळजी करू नकोस."

त्यांनी वही उघडली. सातचा रकाना कोरा होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'पाहिला नाही', आणि खाली सही केली.

"साहेब विचारतील," तो म्हणाला.

"विचारू देत."

बाहेर वारा दार खेचत होता. दीर म्हणाला, "वारा पडेपर्यंत बसू इथेच. आकडा बघत राहा. कधी निघायचं ते तुम्हीच सांगा."

वहिनी तबकडीसमोर उभ्या राहिल्या. मागे स्टूल होतं. त्या बसल्या नाहीत.