पंचवीस दाण्यांचं ताट

रुपाली काय काम करते, असं नांदुऱ्याच्या तिच्या गल्लीत कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "कॉम्प्युटरवर काहीतरी करते." तिच्या नवऱ्याला, शेखरला, विचारलं तरी यापेक्षा फार काही हाती लागायचं नाही, आणि तो तर त्याच घरात राहायचा. पंचाईत अशी की काम सांगितलं तरी लोकांना ते काम वाटत नसे. परदेशातली एक वेबसाइट तिला तुरीच्या डाळीच्या एकेका दाण्याचा फोटो दाखवायची. खाली चार बटणं असायची: चांगला, तुटका, किडका, खडा. त्यातलं एक दाबायचं, मग 'पाठवा' दाबायचं, मग तीन सेकंद चक्र फिरायचं आणि पुढचा दाणा यायचा. असे दिवसाला हजार दाणे. घरची डाळ निवडून पोट भरलं नाही का, असं तिची नणंद तोंडावर म्हणून गेली होती.

रुपालीचा मात्र या कामावर जीव होता. आधी तीन वर्षं ती झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभी राहून लोकांची आधार कार्डं उलटीपालटी करत होती. इथे ती बसून, डोकं लावून, स्वतःच्या नावावर काम करत होती. भीती एकाच गोष्टीची होती. शंभरात आपली किती उत्तरं बरोबर आली, त्याचा आकडा पानाच्या कोपऱ्यात दिसायचा. तो नव्वदच्या खाली टिकला की खातं बंद, आणि एकदा बंद झालेलं खातं पुन्हा उघडत नसे. मग पुन्हा ते झेरॉक्सचं दुकान.

स्क्रिप्टचा शोध तिला लागला तो मनगट दुखायला लागलं म्हणून. असंच काम करणाऱ्या देशोदेशीच्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथे कोणीतरी लिहिलं होतं की ब्राउझरला आपण लिहिलेल्या काही ओळी शिकवून ठेवता येतात; त्यालाच स्क्रिप्ट म्हणतात. मग समोर पान उघडलं की तो त्या ओळींप्रमाणे वागतो. उत्तर माणसानंच द्यायचं, एवढा वेबसाइटचा नियम पाळला की झालं. रुपालीनं त्या ओळी उतरवून घेतल्या, आपल्या पानापुरत्या बदलल्या. एक ते चारपैकी आकडा दाबला की उत्तर निवडलं जाईल आणि 'पाठवा'ही दाबलं जाईल, एवढंच त्यात होतं. तिनं भीत भीत एक दाबला आणि पान आपलं आपण पुढे सरकलं. तिनं हात मागे घेतला. कुठल्या देशातलं ते पान, आणि ते नांदुऱ्याच्या बाईनं लिहिलेल्या सहा ओळींचं निमूट ऐकत होतं. आनंदानं तिला काय करावं सुचेना, म्हणून तिनं चहा ठेवला. संध्याकाळी शेखरला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं."

हात तिप्पट वेगानं चालायला लागला, पण डोळे काही त्याच्याबरोबर धावेनात. चारशे दाणे झाले की सगळे दाणे सारखेच दिसायचे. पंधरा दिवसांत आकडा पंचाण्णववरून एक्क्याण्णववर आला, आणि ती आकड्याकडे बघायचंच टाळायला लागली.

अशातच एका दुपारी शेजारच्या कलाबाई आल्या. त्यांना मोबाइलवर आलेला पेन्शनचा मेसेज वाचून हवा होता. कलाबाईंनी तीस वर्षं दालमिलमध्ये डाळ निवडली. आठ वर्षांपूर्वी मिलमध्ये निवडायचं मशीन आलं आणि चाळीस बाया एका आठवड्यात घरी बसल्या. जाताना मालक म्हणाला होता, कलाबाई, मशीनले तुमच्यापेक्षा जास्त दिसते. हे वाक्य त्या गल्लीत सगळ्यांना सांगायच्या, भाजीवाल्यालासुद्धा, आणि सांगताना हसायच्या. त्यांना हसू येत नव्हतं हे सगळ्यांना कळायचं.

मेसेज राहिला बाजूला. कलाबाई स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे तुरीचीच दाळ होय ना वं?"

"हाव, काकू."

"मंग चांगल्या दाण्याले काऊन हात लावून राह्यली तू?"

रुपालीला प्रश्नच कळला नाही.

"निवडाले बसलं का चांगल्याले हात लावत नसते," कलाबाई म्हणाल्या. "वाईट तेवढं उचलाचं. चांगलं आपोआप ताटात राह्यते. आन असा एकटा दाणा पाहून कोनाले काय समजते? धा दाण्याईच्या शेजारी ठेव, मंग पाह्य. खोटा असन तो सोताच डोळ्यात येते."

"हे एका वेळी एकच दाखवते, काकू."

"मंग त्याले सांग ना," कलाबाई म्हणाल्या, एखाद्या गड्याला सांगावं इतकं सोपं असल्यासारखं. जाता जाता त्यांनी विचारलं, "कशाले पायजे त्याईले हे फोटो?"

"असंच. तपासणीसाठी," रुपाली म्हणाली आणि खाली बघायला लागली. खरं काय ते तिला ठाऊक होतं. हे फोटो डाळ निवडायच्या नव्या मशीनला शिकवण्यासाठी होते. कलाबाईंसमोर ते बोलायची तिची छाती झाली नाही.

पण 'त्याले सांग ना' काही तिच्या डोक्यातून जाईना. एका वेळी पंचवीस फोटो आपल्या नावावर धरून ठेवायची मुभा वेबसाइटवर होतीच. तीन दुपारी खपून तिनं नवी स्क्रिप्ट लिहिली. कंस चुकले, स्वल्पविराम चुकले, कट्ट्यावरच्या एका अनोळखी माणसानं दोन चुका काढून दिल्या. हिशेब कलाबाईंचाच: पंचवीस दाणे एकत्र मांडायचे, ज्याला हात लावून दोन, तीन की चार दाबलं तो वाईट, ज्याला हात लावला नाही तो चांगला.

चौथ्या दिवशी तिनं ती सुरू केली आणि स्क्रीनवर ताट मांडलं गेलं. पाच ओळी, ओळीत पाच दाणे. कलाबाईंचं खरं होतं. एक दाणा बाकीच्यांपेक्षा काळपट होता, तो चटकन दिसला. रुपालीनं बोट उचललं, तोवर ताट गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. तिसरं, चौथं. 'पाठवा'ची ओळ तिनं चुकीच्या जागी लिहिली होती. फोटो मांडून झाले रे झाले की ते रवाना होत होते. कोणी हात लावला नाही, म्हणजे सगळे चांगले. तिनं घाबरून लॅपटॉप मिटला, तेव्हा आठ ताटं गेली होती. दोनशे दाणे, न बघता.

संध्याकाळी आकडा शहाऐंशीवर होता. खाली निरोप होता: काम थांबवलं आहे. आठवड्यात तीनशे दाण्यांची एक परीक्षा द्या. पंच्याण्णवच्या वर आलात तर पुढे काम, नाहीतर खातं कायमचं बंद.

दुसऱ्या दिवशी तिनं कलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"पद्धत बरोबर व्हती," त्या म्हणाल्या. "ताटापुढं कोनी बसलंच नाई, त्याले पद्धत काय करनार?"

मग त्यांनी रुपालीच्या डब्यातली न निवडलेली डाळ ताटात ओतली आणि तिला समोर बसवलं. तीन दुपारी हेच चाललं. रुपाली निवडायची आणि कलाबाई तिनं सोडलेले दाणे बिनबोलता तिच्या तळहातावर ठेवायच्या. खसखशीएवढा डाग, कडेला किडीनं लावलेलं तोंड, डाळीच्याच रंगाचा खडा. इतकी वर्षं रुपालीनं डाळ निवडली होती, आणि आता तिला वाटलं की आपण ती कधी पाहिलीच नव्हती. कलाबाईंचे डोळे ताटावरून नुसते फिरायचे, कुठे थांबल्यासारखे वाटायचेसुद्धा नाहीत, आणि बोटं मात्र नेमकी जायची. आपण या बाईला रोज मेसेज वाचून दाखवतो, आणि स्वतःला शहाणं समजतो, हे आठवून रुपालीला लाज वाटली.

एक गोष्ट तिच्या नजरेत भरली. ताट निवडून झालं की कलाबाई ते दोन्ही हातांनी हलवायच्या आणि पुन्हा बघायच्या.

"एका जागी दाणा लपून बसते," त्या म्हणाल्या. "जागा बदलली का पकडल्या जाते."

रुपालीनं स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी घातल्या. तिनं स्वतः कळ दाबल्याशिवाय एकही दाणा जाणार नाही. आणि पहिल्यांदा दाबली की जाणार नाहीच, तर पंचवीसही दाणे आपल्या जागा बदलतील; दुसऱ्यांदा दाबली की मगच जातील.

परीक्षेच्या दुपारी कलाबाई शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसल्या. "मी काई सांगनार नाई," त्या आधीच म्हणाल्या. "मी नसली तं काय करशीन?"

पहिलं ताट आलं. रुपालीनं दोन दाणे उचलले आणि कळ दाबली. दाणे सरकले, एकमेकांना ओलांडून नव्या जागी बसले. कलाबाईंच्या तोंडून "अवं माय" एवढंच निघालं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. आपलं ताट काचेच्या आत कोणी हलवलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. रुपालीनंही पाहिलं नव्हतं. लिहिलं तिनंच होतं, तरी तिचा विश्वास बसत नव्हता. जागा बदलल्यावर तिसरा वाईट दाणा समोर आला. अशी बारा ताटं झाली. कलाबाईंनी आपला शब्द पाळला.

दहा मिनिटांनी आकडा आला: अठ्ठ्याण्णव. खाली नवं काम आलंसुद्धा, आणि पहिलं ताट मांडलं गेलं. कलाबाईंनी रुपालीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात पाठीवर होता म्हणूनच असेल, रुपालीला आता राहवेना.

"काकू, मी तुम्हाले खोटं सांगतलं. हे फोटो मशीनले शिकवासाठी हायेत. दाळ निवडाच्या मशीनले."

पाठीवरचा हात निघाला. रुपालीला वाटलं, आता ही बाई उठणार आणि पुन्हा या उंबऱ्यावर येणार नाही.

"शिकवासाठी?" कलाबाईंनी विचारलं.

"हाव. मानसानं हजारो दाणे दाखवल्याबिगर त्याले काईच समजत नाई. चांगला कोनता, किडका कोनता, काईच नाई."

"आपल्या मिलातल्या मशीनले बी?"

"त्याले बी कोनी तरी सांगतलंच असन."

कलाबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. आठ वर्षं सगळ्या गल्लीला ऐकवलेलं ते वाक्य त्या मनात पुन्हा म्हणून बघत असाव्यात.

"म्हंजे त्याले दिसतच नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. रुपालीचा त्या ताटातला एक तुटका उचलून झाला होता, ताट हलवूनही झालं होतं. ती पाठवायची कळ दाबणार, एवढ्यात कलाबाईंचं बोट काचेवर आलं. तिसरी ओळ, शेवटचा दाणा. रुपालीला त्यात काही दिसेना. तिनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा कुठे कडेला किडीनं पाडलेलं सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं.

"एवढं बारीक त्याले दिसन का, काकू?"

"आता नाई दिसत. तुले तरी कुठी दिसत होतं?" कलाबाई म्हणाल्या. "सांग त्याले."

रुपालीनं त्या दाण्याला हात लावला आणि तीन दाबला, किडका.