डाव्या अंगाचे पोचे

"माप कसलं घेतोस, अप्पा? असली शंभर गार्डं ठोकली असशील तू. डोळं झाकून बसव की."

रामहरी अप्पाने मान वर केली नाही. तो पिकपच्या तोंडापुढे उकिडवा बसला होता आणि बाजारात माणसं बैलाच्या पायावरून हात फिरवतात तसा बंपरवरून हात फिरवत होता. दुपारचा एक वाजला होता. इंदापुरात बारामती रस्त्याला लागून अप्पाचं वेल्डिंगचं दुकान होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे पाइपांची चळत, एका बाजूला अर्धवट झालेलं कुणाच्या तरी बंगल्याचं गेट. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीमागे पाचट उडत उडत दुकानाच्या दारापर्यंत येत होतं.

सरदार मुलाणी दाराशी लोखंडी स्टुलावर बसला. बसताना त्याने आधी हाताने स्टूल चाचपलं आणि आपण चाचपलं हे अप्पाच्या लक्षात आलं की काय, म्हणून उगीच त्याच्याकडे बघितलं.

एकतीस वर्षं सरदार गाडी चालवत होता. पहिली बारा वर्षं दुसऱ्याची, मग स्वतःची. ही तिसरी पिकप. गेल्या काही वर्षांत ऊस रोपांचं काम वाढलं होतं. बावड्याजवळच्या रोपवाटिकेतून ट्रे भरायचे आणि लासुर्ण्यापासून पार बारामतीच्या अलीकडच्या गावांपर्यंत शेताच्या बांधावर नेऊन उतरवायचे. हे काम सगळ्यांना जमत नाही. खड्ड्यात गाडी आदळली की कोवळी रोपं मातीसकट ट्रेच्या कपातून बाहेर येतात, करकचून ब्रेक दाबला की पुढच्या ट्रेवर मागचे ट्रे येतात. पण सरदारच्या गाडीतलं रोप वाटेत मान टाकत नाही, असं रोपवाटिकेचे मालक विजयसिंह चारचौघांत सांगायचे. शेतकरीही नाव घेऊन त्याचीच गाडी मागायचे. सरदार त्यावर काही बोलायचा नाही, पण त्या दिवशी घरी जेवायला बसला की एखादी भाकरी जास्त खायचा.

एकतीस वर्षांत त्याने गाडीच्या तोंडाला लोखंडी पाइपांचं गार्ड कधी बसवलं नव्हतं. बाकीच्यांनी बसवली. कुणी एकपदरी, कुणी दोनपदरी, कुणी तर रेल्वेचं इंजिन शोभावं अशी. सरदार म्हणायचा, "आपुन कुणाला धडकतच न्हाय, तर गाडीला चिलखत कशाला?"

आणि आता गेला पंधरवडा घरात गार्डाशिवाय दुसरा विषय नव्हता. विषय त्यानेच काढला होता. बायकोला, बानूला ते लगेच पटलं. उसाचा हंगाम, रस्त्याला ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत चाललेले, मागे दिवा नाही की काही नाही. "बसवून टाका. माझ्या जिवाला घोर तरी न्हाय राहायचा," ती म्हणाली. पोराला, अरफातला पटलं नाही. तो लोणी देवकरच्या एका कंपनीत कामाला होता, सुट्टीच्या दिवशी बापाची गाडी चालवायचा. "अब्बा, आता गार्डाला पावती फाडत्यात. लोकं काढायला लागली आन तुमी बसवताय. इतकी वर्सं न्हाय लागलं, आताच काय झालं?"

आताच काय झालं, हे सरदारने कुणाला सांगितलं नव्हतं.

"हितं ये जरा," अप्पा म्हणाला.

सरदार उठून गेला. गेटांवर खुणा करायचा पांढरा खडू अप्पाच्या हातात होता. बंपरवर, ग्रिलवर आणि डाव्या दिव्याच्या खाली त्याने गोल काढले होते. एकूण चार.

"पोचं मोजलं मी. मोठं एकबी न्हाय. पर चारी डाव्या अंगाला. उजवी बाजू बघ, शोरूमातनं आणल्यागत."

"मग?"

"मग काय न्हाय. गार्ड कुठल्या बाजूला जाड घ्यायचं ते बघतोय." अप्पाने पहिल्या गोलावर बोट ठेवलं. "ह्यो कशाचा?"

"शेडनेटचा खांब. रोपवाटिकेत. वळवताना लागला."

"तो खांब तितं किती वर्सं हाय?"

"असंल आठ-धा."

"आन तू त्याला आता भेटलास व्हय." अप्पा हसला नाही. "ह्यो दुसरा?"

"ट्रॉलीचा कोपरा. उभी होती रस्त्याकडंला. अप्पा, तू वेल्डर हायस का फौजदार?"

"तिसरा?"

"आमच्याच दारातला कट्टा. बास?"

चौथा गोल दिव्याच्या खाली होता, सगळ्यांत लहान. अप्पाने त्यावर अंगठ्याचं नख घासलं आणि नख उन्हात धरून बघितलं. "ह्यो?"

"कुत्रं आडवं आलं."

अप्पाने नख सरदारच्या पुढे धरलं. नखाखाली सायकलच्या दांडीला असतो तसल्या निळ्या रंगाची बारीक कपची अडकली होती.

"निळं कुत्रं सरदार, मी न्हाय बघितलं आजवर."

सरदारला हसू आलं आणि ते तोंडातच वाळलं. रस्त्यावरून एक ट्रॉली करकरत गेली.

"उभा ऱ्हा असा," अप्पा म्हणाला. "तोंड पलीकडं कर. त्या चहाच्या टपरीची पाटी दिसती? तिच्याकडं बघ. मान हलवायची न्हाय."

"काय पोरखेळ लावलाय."

"बघ म्हनतो ना."

सरदार पाटीकडे बघत उभा राहिला. पाटी स्वच्छ दिसत होती, तिच्यावरची अक्षरंही वाचता येत होती. हेच तर तो डॉक्टरलाही म्हणाला होता. बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरने त्याला एका यंत्रात तोंड घालायला लावलं होतं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या पाळीला तो बटणावर बोट ठेवून ठिपक्याची वाट बघत राहिला आणि मशीन बंद पडलंय, असं त्याला वाटलं. मशीन चालू होतं. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची, थेंब चुकवू नका. आणि गाडी, मुलाणी, गाडी बंद करा. घरी येऊन त्याने मोतीबिंदू म्हणून सांगितलं होतं. पिकला की ऑपरेशन करू, असंही वर सांगितलं होतं.

"माझ्या हातात काय हाय?" डाव्या बाजूने अप्पाचा आवाज आला.

सरदारने अंदाज बांधला. "खडू."

सरदारने मान वळवली. त्याच्या कानापासून हातभर अंतरावर अप्पा माणसाच्या उंचीचा पाइप उभा धरून थांबला होता.

अप्पाने पाइप सावकाश चळतीवर नेऊन ठेवला. त्याचा आवाजही होऊ दिला नाही. मग टपरीकडे दोन बोटं दाखवून चहा सांगितला आणि सरदारच्या शेजारी एक डबा पालथा घालून बसला.

"कोन होतं सायकलीवर?" त्याने विचारलं.

"पोरगी. शाळेचा डिरेस होता." सरदार गुडघ्यांकडे बघत बोलत होता. "लासुर्ण्याच्या अलीकडं, कॅनॉलच्या वळणावर. रोपं उतरवून रिकामा येत होतो. मला वाटलं, खडा उडून लागला असंल. आरशात बघितलं तर सायकल आडवी आन पोरगी मुरमात बसलेली."

"लागलं तिला?"

"गुडघं खरचटलं. बाकी काय न्हाय. उठून उभी ऱ्हायली. अप्पा, ती मला काय म्हनली ठावं हाय? म्हनली, सॉरी काका, माझंच लक्ष नव्हतं."

अप्पाने मान खाली घातली.

"आन मी काय केलं? मी म्हनलं, बाळा, बघून चालवत जा. असं म्हनलं मी तिला. हँडल वाकलं होतं, ते सरळ करून दिलं. पानी पाजलं. ती गेली. आन मी तितंच गाडीत बसून ऱ्हायलो, किती वेळ काय म्हाईत. दुसऱ्या दिवशी गार्डाचं घरात बोललो."

"गार्डानं काय हुनार होतं?"

"पोचं दिसलं नसतं. रोज गाडी धुताना बानू इचारती, ह्यो कशाचा, त्यो कशाचा. अरफात तर टॉर्च घेऊन बघतो. मान वळवून वळवून मानंला गाठी आल्यात माझ्या. डावीकडं दहा येळा बघायचं, मग पुढं बघायचं, तवर डावीकडं काय आलं असंल म्हनून परत बघायचं. वीस किलोमीटर गेलो तर दोनशे गेल्यागत वाटतंय. घरी आलं की परत पोच्याचा जबाब. दमलो रं. म्हनलं, एकदा लोखंड बसलं की निदान इचारनं तरी बंद हुईल."

चहा आला. दोघांनी तो घेतला. अप्पा कपातला शेवटचा घोट घेऊन उठला आणि पिकपपुढे जाऊन उभा राहिला. दिव्याखालचा पत्रा त्याने अंगठ्याने दाबला. पत्रा टक करून आत गेला आणि परत बाहेर आला.

"पत्रा दबला, म्हनून पोरगी उठली," तो म्हणाला. "माझा पाइप दबत न्हाय, सरदार. मी तो दबू नये असाच बनवतो. गिऱ्हाईक त्याचसाठी येतं." तो पाठमोराच बोलत होता. "मी न्हाय म्हनत न्हाय. पाइप हाय, कटर हाय, दोन तासाचं काम हाय. तू सांग. बसव म्हनलास तर बसवतो. आपल्या दोघांत काय बोलनं झालं, ते हितंच ऱ्हाईल."

सरदारला वाटलं, अप्पाने नाही म्हणायला हवं होतं. भांडायला हवं होतं. मग चिडून दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं. बारामतीपर्यंत वेल्डिंगची दुकानं काय कमी होती? पण अप्पा पाठ करून उभा राहिला आणि सगळं सरदारच्या अंगावर टाकून मोकळा झाला.

खिशातला फोन वाजला. बानू होती.

"अवो, झालं का गार्ड? जेवायला येताय का तितंच काय खाताय?"

"न्हाय बसवत गार्ड."

"आँ? आता काय झालं? अप्पा न्हाय का दुकानात?"

"हाय. गाडीला गरज न्हाय म्हनतोय."

"त्याला काय कळतंय! आन तुमच्या जिवाचं काय?"

"घरी आल्यावर बोलू, बानू. बसून बोलू." असं तो कधी म्हणत नसे. बानूने हळूच विचारलं, "बरं हाय ना सगळं?" सरदार व्हय म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग त्याने अरफातचा नंबर लावला. पहिली पाळी तीनला सुटायची. अजून दीड तास होता. मागे मशीनचा आवाज येत होता.

"अब्बा? लवकर बोला, सुपरवायझर हाय हितं."

"सुटलास की अप्पाच्या दुकानावर ये. गाडी घरी न्यायचीय."

"बिघडली का?"

"न्हाय."

"मग तुमी हाय की तितं. माझी मोटरसायकल कुठं ठेवू?"

"अप्पाकडं ठेव. तू ये. आन उद्याची बावड्याची खेप हाय, तिचं बी बघाय लागंल. विजयसिंहांस्नी मीच सांगतो."

"येतो, अब्बा," अरफात म्हणाला. त्याने पुढे काही विचारलं नाही, आणि त्याने विचारलं नाही याचंच सरदारला जास्त लागलं. म्हणजे पोराला काहीतरी आधीपासून दिसत होतं.

अप्पाने ओलं फडकं घेऊन बंपरवरचे खडूचे गोल पुसले. गेटाचं काम पुढे ओढलं, तोंडावर मुखवटा घेतला आणि ठिणग्या उडायला लागल्या. सरदार स्टूल सावलीकडे सरकवून बसला. करण्यासारखं काही नव्हतं. असं दिवसाढवळ्या, काही न करता, गाडी पुढ्यात असताना बसायची त्याला सवय नव्हती. टपरीवाल्याने पुन्हा चहा विचारला, तो नको म्हणाला. ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरून स्टुलाच्या पायापर्यंत आलं. विजयसिंहांना फोन करायचा म्हणून त्याने दोनदा नंबर काढला आणि दोनदा तसाच ठेवला. तिसऱ्यांदा लावला. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "सरदारभाई, तुमी सांगताय तर अरफातला पाठवा. पर रोपं मात्र..." आणि वाक्य तिथंच सोडलं. सरदार म्हणाला, "सांगतो त्याला."

तीनच्या सुमाराला एक ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या ओढत दुकानापुढे येऊन थांबला. मागच्या ट्रॉलीचा हूक तुटला होता, तारेने बांधून आणला होता. दुकानात शिरायची वाट पिकपने अडवली होती. ट्रॅक्टरवाला वरूनच ओरडला, "ओ अप्पा, पिकप कुनाची? जरा म्होरं घ्यायला सांगा की!"

वेल्डिंगच्या आवाजात अप्पाला ऐकू गेलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने इकडे तिकडे बघितलं आणि स्टुलावर बसलेल्या सरदारला हात केला. "मामा, तुमची का गाडी? धा फूट म्होरं घ्या नुस्ती. मी आत आलो की झालं."

धा फूट. समोर मोकळा रस्ता होता, डावीकडे टपरी होती, टपरीपुढे दोन-तीन माणसं चहा पीत उभी असावीत. सरदारने मान पूर्ण वळवून बघितलं. उभी होती. ठिणग्या थांबल्या. अप्पाने मुखवटा वर केला होता आणि तो सरदारकडे न बघता गेटाकडे बघत होता.

सरदार उठून उभा राहिला, ट्रॅक्टरजवळ गेला आणि हात कपाळावर धरून वर बघत म्हणाला,

"थांबा अर्धा तास. ड्रायव्हर यायचाय अजून."